एकलहऱ्याचं ऊन, कॉडचं तेल आणि साठ हजारांची पुडी

नाशिकरोडपासून जवळ, गोदावरीच्या काठावर एकलहरे आहे. महाराष्ट्राला हे नाव औष्णिक वीज केंद्रामुळे ठाऊक आहे. १९७० च्या सुमारास इथले पहिले संच सुरू झाले. ते आता मोडीत निघाले असून सध्या २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. भोवती वीज केंद्राची वसाहत, पलीकडे द्राक्षबागा आणि कांद्याची शेतं. गाव साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. पावसाळ्याचे महिने सोडले तर इथे उन्हाची टंचाई नसते. तरीही रक्ताच्या अहवालात ड जीवनसत्त्वाच्या आकड्यापुढे ‘कमी’ असा शेरा इथल्या माणसांच्या हाती पडतो. मग औषधाच्या दुकानात शोध सुरू होतो. कोणी कॉड माशाच्या तेलाची पिवळी कॅप्सूल घेतं, कोणी ‘डी थ्री’ची रोजची गोळी, तर कोणी दुधात घालायची पुडी. गिऱ्हाईक या तिन्हींना एकाच नावाने ओळखतं. आत असलेलं ड जीवनसत्त्व मात्र दहा-वीस एककांपासून साठ हजार एककांपर्यंत काहीही असू शकतं. ड जीवनसत्त्वाविषयी आपल्याकडे होणारे बहुतेक घोळ माझ्या मते याच एका ठिकाणी होतात. काय घ्यायचं हे सगळे विचारतात, किती हे फार थोडे.

ड जीवनसत्त्वाच्या प्रश्नाचा नाशिकशी असलेला संबंध शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो नाशिककरांनाही फारसा माहीत नाही. १९२२ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या ब्रिटिश नियतकालिकात एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह यांचा मुडदुसाच्या कारणांवरचा निबंध आला. तो आधारलेला होता नाशिकमधल्या निरीक्षणांवर. मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकतात तो मुडदूस. मोठ्यांत, विशेषतः वरचेवर बाळंतपणं झालेल्या बायकांत, तोच विकार हाडांच्या दुखण्याच्या आणि कमरेचं हाड वाकण्याच्या रूपाने दिसतो. हा गरिबीचा आणि निकृष्ट अन्नाचा रोग आहे असं युरोपात तेव्हा अनेकांना वाटे. नाशिकमध्ये चित्र उलटं निघालं. दूध, तूप, लोणी यांची रेलचेल असलेल्या पण पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, मुसलमान तशाच हिंदू, मुडदूस होता. एकसुरी धान्यावर भागवणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या गरीब हिंदू घरांतली मुलं त्यापासून मुक्त होती. ताट ज्यांचं भरलेलं त्यांचीच हाडं कच्ची होती, कारण त्यांच्या अंगावर ऊन पडत नव्हतं.

नेमक्या याच वर्षांत युरोप-अमेरिकेत दुसऱ्या बाजूने शोध चालला होता. एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये कुत्र्याच्या पिलांना घरात कोंडून ओटच्या आहारावर ठेवलं, त्यांना मुडदूस झाला आणि कॉडच्या यकृताच्या तेलाने तो बरा झाला. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्त हुल्डशिन्स्की यांनी मुलांचा मुडदूस पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी बरा करून दाखवला. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल आणि ऊन हे दोन्ही उपाय लागू पडतात हे सिद्ध केलं. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी कॉडच्या तेलातलं अ जीवनसत्त्व हवेने नष्ट केलं, तरी तेलाची मुडदूस बरा करण्याची ताकद शिल्लक राहिली. म्हणजे तेलात आणखी काहीतरी होतं. अ, ब, क ही नावं आधीच वापरात आल्यामुळे त्याला ड म्हटलं गेलं. त्याची रासायनिक उकल करण्यात मोठा वाटा असलेल्या अ‍ॅडॉल्फ विंडाउस यांना १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सूर्याने कातडीत घडणारी वस्तू आणि उत्तर समुद्रातल्या माशाच्या यकृतात साठणारी वस्तू एकाच कुळातली आहे, हे असं उलगडलं.

कॉडच्या यकृतातच ही वस्तू का, याचं उत्तर समुद्रात आहे. वरच्या थरातल्या सूक्ष्म जीवांवर ऊन पडतं, त्यांना लहान मासे खातात, लहानांना कॉड खातो आणि चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व त्याच्या यकृतात साठत जातं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य क्षितिजाच्या आसपासच घुटमळतो. तिथल्या कोळ्यांसाठी हे तेल म्हणजे साठवलेलं ऊनच होतं. १८५० च्या दशकात पीटर मोलर यांनी वाफेवर तेल काढण्याची पद्धत आणली आणि कुजक्या वासाचं तपकिरी तेल स्वच्छ, पिवळं होऊन जगभर गेलं. पाठीवर भला मोठा मासा घेतलेल्या माणसाचं चित्र असलेली स्कॉट्स इमल्शनची बाटली आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांच्या फडताळात होती. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचा माल बंद पडला तेव्हा भारतात शार्कच्या यकृताच्या तेलाचा उद्योग उभा राहिला. ते तेल अ जीवनसत्त्वासाठी नावाजलेलं होतं. ‘माशाच्या तेलाने ताकद येते’ ही आपली समजूत या सगळ्या इतिहासातून आली आहे आणि तिच्यात तथ्य होतं. मात्र त्या काळी घेत असत तो चमचा, आणि आज घेतली जाते ती लहानशी कॅप्सूल. हिशेब इथेच बदलतो.

औषधी दर्जाच्या कॉड लिव्हर ऑइलच्या एका ग्रॅममध्ये ड जीवनसत्त्व ६० ते २५० आंतरराष्ट्रीय एकक असावं, असा युरोपीय औषधकोशाचा दंडक आहे. लेबलवर हेच एकक ‘आययू’ म्हणून छापलेलं असतं. आपल्याकडे जी छोटी कॅप्सूल सर्रास मिळते तिच्यात ३०० मिलिग्रॅम तेल असतं. गुणाकार केला तर एका कॅप्सूलमध्ये १८ ते ७५ एकक भरतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेली रोजची गरज आहे ६०० एकक, साठीपुढच्यांसाठी ८००. निव्वळ या कॅप्सूलवर ६०० गाठायचे तर चांगल्यात चांगल्या तेलाच्या आठ आणि हलक्या तेलाच्या चौतीस कॅप्सूल रोज गिळाव्या लागतील. काही कंपन्या वरून ड जीवनसत्त्व मिसळतात. ते मिसळलं आहे की नाही आणि किती, हे लेबलच सांगेल. सकाळी दोन पिवळ्या कॅप्सूल घेऊन आपलं ड जीवनसत्त्व झालं असं मानणाऱ्याला बहुधा गरजेच्या पावभागही मिळालेलं नसतं.

मग जुन्या पद्धतीने चमचा घ्यावा का? पाच मिलिलिटरच्या चमच्यात साधारण ४५० एकक ड मिळतं आणि हा आकडा वाईट नाही. अडचण अशी की त्याच चमच्यात अ जीवनसत्त्वाचे ४,५०० एकक म्हणजे सुमारे १,३५० मायक्रोग्रॅम रेटिनॉल येतं. प्रौढासाठी रेटिनॉलची वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम आहे. तीन चमच्यांत ती ओलांडली जाते आणि ड तोवर जेमतेम १,३५० एककांवर पोचलेलं असतं. म्हणजे ड ची मोठी उणीव तेलाने भरून काढायला गेलं की अ अंगावर येतं. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं. गरोदरपणात त्याचा अतिरेक झाला तर गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदर स्त्रियांना कॉड लिव्हर ऑइल टाळायला सांगते. दीर्घकाळ जास्त रेटिनॉल पोटात गेलेल्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण वाढल्याचं स्वीडन आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत आढळलं आहे. हाडांसाठी घेतलेलं तेल हाडांच्याच मुळावर यावं, हे टाळण्यासारखं आहे. शिवाय आपल्या अंगणवाडीतल्या मुलांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दर सहा महिन्यांनी मिळतोच. त्यावर घरच्या घरी माशाच्या तेलाचे चमचे वाढवू नयेत.

लंडनहून किंवा न्यू जर्सीहून येणारे नातेवाईक सुटकेसमधून जे मोठे डबे आणतात त्यांवर बहुधा ‘फिश ऑइल’ किंवा ‘ओमेगा थ्री’ असं लिहिलेलं असतं. हे तेल माशाच्या अंगातून काढतात, यकृतातून नव्हे. त्यात ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. कॉड लिव्हर ऑइल समजून ते वर्षानुवर्षं घेणारे खूप आहेत. त्याचे जे काही उपयोग असतील ते असोत, ड च्या खात्यात त्याची नोंद शून्य आहे.

आता उन्हाकडे येऊ, कारण एकलहऱ्याला निसर्गाने दिलेला मुख्य साठा तोच आहे. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य कलता असला की हवेच्या ओझोन थरातच बहुतांश गळून जातात. म्हणून सात-साडेसातचं कोवळं ऊन सुखाचं असलं तरी या कामाला फारसं उपयोगी नाही. पहाटेच्या सूर्यनमस्कारांनी शरीर घडतं, ड जीवनसत्त्व नाही. घरगुती खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. नाशिकच्या रेखांशावर सूर्य माथ्याशी येतो तो घड्याळात बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास. २२ डिसेंबरच्या आसपास सावली उंचीपेक्षा जेमतेम आखूड होते, तीही साधारण पावणेबारा ते सव्वा या वेळात. मे महिन्यात मात्र सकाळी दहालाच ती उंचीच्या सत्तर टक्क्यांवर आलेली असते. म्हणून उन्हाळ्यात दुपारच्या रखरखाटात जाण्याचं कारण नाही, दहाच्या आसपासचा वेळ पुरतो. थंडीत मात्र जेवणाच्या सुट्टीतच बाहेर पडायला हवं. काचेतून आलेलं ऊन ऊब देतं, अतिनील-ब किरण काच अडवून धरते. एक दिलासाही आहे. उन्हाने ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. जास्त झालेला कच्चा माल कातडी स्वतःच निरुपयोगी संयुगांत मोडून टाकते. गोळीला ही सोय नाही.

किती वेळ, याचं आपल्या मातीतलं उत्तर पुण्याहून मिळालं आहे. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेतल्या डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या पुरुषांचा अभ्यास केला. रोजच्या कपड्यांत, रोजच्या वावरात तासाभराहून अधिक ऊन मिळणाऱ्यांची ड ची पातळी रक्ताच्या मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर राहत होती. ३० च्या वर राहायला दोन तास किंवा अधिक लागत होते. ‘आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं’ हा परदेशी सल्ला गोऱ्या कातडीसाठी आणि उघड्या अंगासाठी आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन तिला जपतं, पण तेच किरणांना अडवतं, म्हणून आपल्याला वेळ जास्त लागतो. त्याच गटाने पुण्यातल्या झोपडपट्टीतली लहान मुलंही पाहिली. दिवसभर पाळणाघरात आत राहणारी मुलं आणि बाहेर खेळणारी मुलं यांच्या पातळीत मोठी तफावत होती आणि मुडदूस सापडला तो आत राहणाऱ्यांत. वस्ती एक, गरिबी एक, फरक फक्त दाराच्या आतबाहेरचा. १९२२ च्या नाशिकमध्ये दिसलं तेच जवळजवळ नव्वद वर्षांनी पुण्यात दिसलं.

एकलहऱ्यात पडद्याची प्रथा हे आजचं कारण नाही, कामाचे तास आणि छप्पर हे आहे. वीज केंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये, बॉयलर-टर्बाइनच्या इमारतीत आठ तास काढणारा माणूस फर्स्ट शिफ्टला असेल तर सगळं उपयोगाचं ऊन आतच घालवतो. नाईट करून आलेला त्याच वेळात झोपलेला असतो. शिफ्टवाल्यांत आणि घरात बसून काम करणाऱ्यांत ड ची पातळी बाहेर काम करणाऱ्यांपेक्षा कमी असते, असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र मांडल्यावरही दिसलं आहे. वसाहतीतल्या गृहिणी, शाळा-क्लास-मोबाइल या फेऱ्यात अडकलेली मुलं, स्कूटरवर बसताना सनकोट, स्कार्फ आणि हातमोजे घालून फक्त डोळे उघडे ठेवणाऱ्या मुली, या सगळ्यांची गत तीच. द्राक्षबागेतली बाई दिवसभर बाहेर असते, पण मांडवाच्या सावलीत आणि अंगभर कपड्यांत. तिरुपतीजवळच्या खेड्यांत शेतात राबणाऱ्यांची पातळी शहरवासीयांपेक्षा चांगली असूनही पुरेशी नव्हती. म्हणजे ‘शेतकऱ्याला काय कमी’ असं म्हणून तो विषय संपवता येत नाही.

चिमणीच्या धुराचा मुद्दा एकलहऱ्यात निघणारच. हवेतला धुरळा अतिनील-ब किरण अडवतो हे खरं आहे. दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रदूषित मोरी गेट भागातल्या बाळांची सरासरी पातळी १२.४ नॅनोग्रॅम, तर तेव्हाच्या स्वच्छ गुरगावातल्या बाळांची २७.१ निघाली. पण त्याच दिल्लीत २००० साली आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती. बाहेर कवायत करणाऱ्या सैनिकांची पातळी बरीच चांगली होती आणि रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची खालावलेली. धुराविरुद्ध जरूर भांडावं, त्याला फुप्फुसांचं कारण पुरेसं आहे. ड साठी मात्र पहिला अडसर डोक्यावरचं छप्पर आहे.

आहारातून किती मिळतं याबद्दल लांबवण्यासारखं फार नाही. एका अंड्याच्या बलकात सुमारे ४० एकक. तारली, बांगडा असे तेलकट मासे चांगले, पण नाशिकच्या घरात ते रोज शिजत नाहीत. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, ड नाही. पालेभाज्यांत नाही, डाळीत नाही, तुपात नावापुरतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘प्लस एफ’ची निळी खूण असलेल्या पिशवीच्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० एकक आणि खाद्यतेलात ग्रॅममागे साधारण साडेचार ते साडेसहा एकक ड घातलेलं असतं. पेलाभर दूध आणि दिवसाचं पंचवीस ग्रॅम तेल मिळून दीड-दोनशे एकक होतात. ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही. तेल विकत घेताना ही खूण पाहणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि गवळ्याकडून सुटं दूध घेणाऱ्यांना तो दुधाच्या बाबतीत मिळत नाही एवढं ध्यानात ठेवावं.

उणीव खरोखर किती जणांना आहे, हा प्रश्न आकड्यांनी भरपूर गढूळ केला आहे. मुंबईत २५ ते ३५ वयाच्या ११३७ निरोगी तरुणांच्या तपासणीत सुमारे ७० टक्के जण २० नॅनोग्रॅमच्या खाली निघाले. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १२ नॅनोग्रॅमची रेघ धरली होती. तिथे एक ते चार वर्षांच्या मुलांत १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्यांत १८ टक्के आणि किशोरवयीनांत २४ टक्के उणीव आढळली. रेघ १२ वरून ३० वर नेली की तोच देश जवळजवळ पूर्ण आजारी ठरतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या दोन मान्यवर संस्थांनी वेगवेगळ्या रेघा ओढल्या. वैद्यक अकादमीच्या समितीने २० पुरे म्हटलं, एंडोक्राइन सोसायटीने ३० चा आग्रह धरला. प्रयोगशाळांनी ३० ची रेघ उचलली आणि ती आजही अहवालांवर छापली जाते. त्याच सोसायटीने २०२४ मध्ये आपला आग्रह मागे घेतला. निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको आणि पंच्याहत्तरीच्या आतल्या निरोगी प्रौढांनी रोजच्या शिफारशीपेक्षा जास्त घेऊ नये, असं तिचं आताचं म्हणणं आहे. एकलहऱ्यातल्या एखाद्या धडधाकट माणसाचा आकडा २३ आला म्हणून त्याला आजारी मानायला मी तयार नाही. आकडा ७ असेल, मांड्या-बरगड्या दुखत असतील, खालून उठताना हात टेकावे लागत असतील तर मात्र ती खरी अस्थिमृदुता, म्हणजे मोठ्यांतला मुडदूस, असू शकते, आणि तिला उपचार हवाच.

गोळी घेतली तर काय काय साधतं? मुडदूस आणि अस्थिमृदुता तिने बरी होते, यात वाद नाही. त्यापलीकडच्या आशा मोठ्या चाचण्यांत टिकल्या नाहीत. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० एकक दिले. कर्करोग, हृदयविकार घटले नाहीत. २०२२ मध्ये त्याच चाचणीने हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलं नाही हे सांगितलं. त्यातले बहुतेक लोक मुळात उणीव नसलेले होते, हे खरं. पण निष्कर्ष त्यातूनच निघतो: उणीव असेल तिथे गोळी गुणकारी, नसेल तिथे निरर्थक.

आणि भरमसाट घेतली तर घातक. आपल्याकडची ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल खऱ्या उणिवेवर आठवड्याला एक, अशी साधारण आठ आठवडे देतात. म्हणजे दिवसाला सुमारे ८,५०० एकक पडतात, तर निरोगी माणसाची रोजची वरची मर्यादा ४,००० ठरवलेली आहे. हा उपचार आहे, टॉनिक नाही. आठ आठवड्यांनी थांबायचं असतं. घडतं असं की चिठ्ठी जुनी होते, पुडी चालू राहते. कोणी आठवड्याऐवजी रोज घेतो, कोणी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेतो, वर गुडघेदुखीसाठी कुठे सहा लाखांचं इंजेक्शनही टोचून घेतो. रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, वृद्धांत भ्रम, आणि शेवटी मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. भारतातल्या रुग्णालयांनी असे रुग्ण पुन्हा पुन्हा नोंदवले आहेत. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये दुधाची पावडर, बाळांचं धान्य आणि कॉडचं तेल या तिन्हींतून ड पोटात जाऊन बाळांचं कॅल्शियम चढू लागलं होतं आणि १९५७ मध्ये सरकारला ते प्रमाण उतरवावं लागलं.

मोठे डोस वृद्धांना विशेष बाधतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर चाचणी झाली. ज्यांना वर्षातून एकदा ५ लाख एकक मिळाले त्या कमी नव्हे तर जास्त पडल्या, त्यांची हाडंही जास्त मोडली. झुरिचमध्ये २०० वृद्धांत महिन्याला ६०,००० घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात पडले, तर २४,००० घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी. महिन्याला ६०,००० म्हणजे दिवसाला २,०००, कागदावर अगदी निर्धोक. पण एकदम गिळणं आणि रोज थोडं घेणं यात शरीर फरक करतं असं दिसतं. म्हणूनच आजी-आजोबांसाठी रोजची ८०० किंवा १,००० एककांची साधी गोळी, जेवणाबरोबर, मला महिन्याच्या पुडीपेक्षा बरी वाटते. महिन्याची पुडी लक्षात ठेवायला सोपी असते हा एकच तिचा गुण.

बाळांच्या बाबतीत हिशेब आणखी काटेकोर हवा. आईच्या दुधात ड फार कमी असतं. पहिलं वर्षभर रोज ४०० एकक द्यावेत ही भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. बाजारात थेंबांच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४०० आणि एका मिलिलिटरला ८०० अशा दोन्ही ताकदींत मिळतात. बाटली बदलली आणि ड्रॉपरचं माप तेच राहिलं तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. नवी बाटली आणली की आधी हा आकडा वाचावा. तेल लावून बाळाला सकाळच्या उन्हात घेण्याची आपली पद्धत जरूर चालू ठेवावी, पण तिच्या भरवशावर थेंब बंद करू नयेत.

गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्रातून कॅल्शियमची गोळी मिळते. तिच्यात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर २५० एकक ड असतं. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ती दिवसातून दोनदा घ्यायची असते, म्हणजे रोजचे ५०० एकक फुकट हाती येतात. पण ‘मोठी आहे, गिळवत नाही’ म्हणून तिचा डबा कपाटात राहतो. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षयरोग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्त ताकदीचं ड सुरू करू नये. क्षयात काही वेळा शरीर स्वतःच ड चं सक्रिय रूप जास्त बनवतं आणि कॅल्शियम चढतं. एके काळी क्षयाच्या रुग्णांना कॉडचं तेल पाजत, नाशिकजवळच्या देवळालीच्या हवेत ठेवत. तो काळ प्रतिजैविकांच्या आधीचा होता.

माळकरी आणि जैन घरांत कॉडचं तेल चालत नाही, जिलेटिनची कॅप्सूलही नको असते. त्यांची अडचण खरी आहे आणि तिला उत्तरही आहे. गोळीतलं डी थ्री बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनवतात, त्यात प्राणी मारला जात नाही. तेही नको असेल तर दगडफुलासारख्या शैवाकापासून (लायकेनपासून) काढलेलं डी थ्री किंवा यीस्टपासून केलेलं डी टू मिळतं. डी टू रक्तात थोडं कमी टिकतं, पण रोज घेतलं तर काम भागतं. जिलेटिनऐवजी गोळी, पुडी किंवा द्रव रूप मागून घ्यावं.

एकलहऱ्यात आणि अशा प्रत्येक औद्योगिक गावात करण्याजोग्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. वीज केंद्रात कामगारांची नियमित आरोग्य तपासणी होते. तिथे प्रत्येकाचं रक्त ड साठी काढण्यापेक्षा कामाच्या पाळ्या, हाडांचं दुखणं आणि घरी चालू असलेल्या पुड्या यांबद्दल चार प्रश्न विचारले तर जास्त कळेल, विशेषतः कंत्राटी कामगारांच्या बाबतीत, ज्यांना खासगी तपासणी परवडत नाही. दुसरी गोष्ट अंगणवाडीची. हजेरी, गाणी आणि खाऊ यांतला अर्धा-पाऊण तास उन्हाळ्यात दहाच्या सुमारास आणि थंडीत जमेल तितका दुपारकडे सरकवून मुलांना अंगणात, उघड्या हातापायांनी खेळवता येईल. त्यासाठी सेविकेला नव्या साहित्याची गरज नाही. वेळापत्रक बदलण्याची परवानगी आणि अंगणात एखादं झाड किंवा सावलीचा आडोसा, म्हणजे तापलेल्या मुलाला लगेच आत घेता येईल, एवढं पुरे आहे.